न चाखता करायचा स्वयंपाक

नैवेद्याचा स्वयंपाक चाखायचा नसतो. संकष्टीचं बाकीचं सगळं तुला सहज जमेल, अडेल ते इथेच. रोज आपण आमटीत पळी बुडवतो, थेंबभर तळहातावर घेतो आणि जिभेला विचारून मीठ, गूळ, आमसूल कमीजास्त करतो. देवाच्या पानाला ती मुभा नाही. त्यात दिवसभराचा उपास, म्हणजे चाखणं दोन्ही बाजूंनी बंद. मग आमच्या सासूबाई, आत्याबाई, त्यांच्याही आधीच्या बायका चार माणसांना निर्धास्त वाढता येईल असं अन्न कशाच्या भरवशावर करायच्या? मापाच्या, वासाच्या, कढईतून येणाऱ्या आवाजाच्या आणि बोटाला काय लागतं त्याच्या. तुम्ही दोघांनी नागपूरच्या घरात संकष्टी धरलीत आणि परवा फोनवर तू म्हणालीस, "मावशी, करते सगळं, पण मीठ-गोडाचा अंदाजच येत नाही." फोनवर हे सांगून होत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी एक सोपी युक्ती. चाखायचं ते आदल्या दिवशी चाखून घ्यायचं. नैवेद्य चाखायचा नाही, जिन्नस चाखायला कोणाची ना नाही. गूळ, दाणे, खसखस, तूप, सगळ्यांचा एकेक कण आदल्या रात्री जेवण झाल्यावर तोंडात टाक आणि ते डबे बाजूला काढून ठेव. गूळ हल्ली फार फसवतो. एखाद्या गुळाला खारट चव असते आणि तो सारणात गेला की वेलदोडा कितीही घाल, ती लपत नाही. मोदकाला मऊ गूळ घे. चिक्कीचा गूळ नको, गार झाला की सारण कडक होतं. दाण्यांत मूठभरात एक खवट असला तरी सगळ्या कुटाला वास लागतो. खसखशीचंही तेच. नारळ मात्र त्याच दिवशी फोडायचा. फोडण्याआधी कानाशी हलव, आत पाणी डुचमळलं पाहिजे. फुटला की आधी वास घे. तेलकट, आंबूस वास आला तर तो बाजूला ठेव आणि दुसरा घे. संकष्टीच्या दिवशी घरात एक नारळ जास्तीचाच असावा.

आता घड्याळ. संकष्टी म्हणजे वद्य चतुर्थी, आणि चंद्र उगवताना चतुर्थी असेल तो दिवस. एकादशी दुसऱ्या दिवशी सकाळी सोडायची असते, संकष्टी त्याच रात्री चंद्रोदयानंतर सुटते, तीही वरणभाताने. म्हणून दिवसभर फराळाचं वेगळं आणि रात्री नैवेद्याचं वेगळं, असे दोन स्वयंपाक एकाच ओट्यावर होतात. वर्षाच्या बारा, अधिक महिना आला तर तेरा. मंगळवारी आली की अंगारकी. चंद्रोदय साधारण रात्री आठ ते दहाच्या दरम्यान, ऋतूप्रमाणे मागेपुढे. इथे एक गोष्ट तुला वेगळी सांगायला हवी, कारण तू आमच्याकडची वेळ विचारून स्वयंपाकाला लागतेस. रत्नागिरी आणि नागपूर यांत रेखांशाचा जवळजवळ सहा अंशांचा फरक आहे. एका अंशाला चार मिनिटं धर. तुमच्याकडे चंद्र आमच्या आधी वीस-पंचवीस मिनिटं उगवतो. आम्ही आरतीची तयारी करत असतो तेव्हा तुमच्याकडे तो गच्चीवर आलेला असतो. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत किंवा पंचांगात गावोगावच्या चंद्रोदयाचं कोष्टक असतं, त्यात नागपूर बघ आणि त्या वेळेपासून उलटं मोजत ये.

उलटं मोजायचं ते असं. चंद्रोदय नऊला असेल तर पावणेनऊला पान वाढून तयार हवं. सव्वाआठला मोदक चाळणीत गेले पाहिजेत. साडेसातला उकड. सारण दुपारीच करून गार करून ठेवायचं, गरम सारण भरलं की पारी फाटते. नारळ सकाळी खवून ठेव, किंवा खरं सांगू, नवऱ्याला खवायला बसव. उपास दोघांचा आहे, तर विळीही दोघांची. डाळ-तांदूळ सहाला भिजत घाल, भाजी चिरून ठेव. कोशिंबीर अगदी शेवटी. मीठ घातलेली काकडी पाणी सोडते आणि देवासमोर पोचेपर्यंत तिचं सार होतं.

दिवसाच्या फराळाबद्दल थोडक्यात, कारण ते तुला येतं. उपासाच्या फोडणीत जिरं आणि मिरची चालते. मोहरी, हळद, हिंग नाही. हिंगाचं कारण साधं आहे: बाजारातला बांधानी हिंग निव्वळ हिंग नसतो, त्यात गव्हाचं पीठ किंवा मैदा मिसळलेला असतो. कोथिंबीर आमच्याकडे चालते, तुझ्या सासरी चालत नसेल तर घालू नकोस. यावर वाद घालण्यासारखं काही नाही. गंमत म्हणजे उपासाला पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं म्हणून आपण जे खातो, त्यातलं बरंचसं परमुलखातून आलेलं आहे. बटाटा, दाणे, मिरची, रताळं आणि साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कंद, हे सगळं अमेरिका खंडातलं, गेल्या काही शतकांतलं. आपल्याकडचं जुनं म्हणजे वरी, शिंगाडा, काकडी, केळं, दूध-दही. तेव्हा कोणी येऊन तुला "हे उपासाला चालतं का गं?" असं फार कडकपणे विचारू लागलं तर हसायला हरकत नाही.

साबुदाणा तीन पाण्यांनी धुवायचा, पांढरं पाणी जाईपर्यंत. मग दाणे जेमतेम बुडतील एवढंच पाणी ठेवून रात्रभर झाकायचा. सकाळी एक दाणा दोन बोटांत दाब. आत कणी लागली तर अजून पाणी शिंपड, सगळा चुरडला तर झाला. वाटीभर साबुदाण्याला अर्धी ते पाऊण वाटी जाडसर कूट, आणि कूट मीठ-साखरेसकट साबुदाण्याला आधी चोळून ठेव. खिचडी गोळा होण्याचं कारण बहुतेक वेळा झाकण असतं. एक वाफ पुरते, दुसरी आली की ती चिकटते. साबुदाण्यात पिष्टाशिवाय फारसं काही नाही, म्हणून सोबत ताक किंवा दही घ्या, नुसत्या खिचडीवर दिवस काढलात की संध्याकाळी छातीत जळजळ ठरलेली.

वरीच्या तांदळाबद्दल मात्र गंभीरपणे सांगते. भगरीतून विषबाधा झाल्याच्या बातम्या उपासांच्या दिवसांत येत असतात. ओलसर जागी राहिलेल्या भगरीला आणि तिच्या पिठाला बुरशी लागते, आणि ती नेहमी डोळ्यांना दिसतेच असं नाही. सुटं पीठ आणू नकोस. भगर बंद पिशवीतली, तारीख बघून, महिन्यापुरतीच आण. धुऊन, कोरडी करून किंचित भाजून घे. शिजवलेली त्याच वेळी संपव, सकाळची रात्री आणि रात्रीची सकाळी नको. आणि दोघांपैकी कोणाला रक्तदाबाची, साखरेची गोळी चालू झाली तर उपासाच्या नावाखाली ती चुकवायची नाही, डॉक्टरांना विचारून काय खायचं ते ठरवायचं. आपल्याकडे आजारी माणसाला, गरोदर बाईला, लहान मुलांना उपासातून नेहमीच मोकळं ठेवलेलं आहे.

आता मिठाकडे येऊ. नैवेद्याला एक वाटी आणि एक चमचा ठरवून टाक आणि तो बदलू नकोस. माझी वाटी दीडशे मिलिलिटरची आहे, आमटीची साधी स्टीलची. चमचा चहाचा, आणि भरायचा तो सपाट, बोटाने वरचं निपटून. बारीक मीठ आणि खडे मीठ एका चमच्यात सारखं भरत नाही हे लक्षात ठेव. खड्यांच्या मधे जागा राहते, त्यामुळे तोच चमचा कमी खारट होतो. माझं माप बारीक मिठाचं. एक वाटी तुरीच्या डाळीच्या साध्या वरणाला एक चमचा. अर्धा किलो उकडलेल्या बटाट्यांच्या भाजीला एक चमचा. दोन वाट्या काकडीच्या कोशिंबिरीला अर्धा, कारण दाण्याचं कूट आणि दही ते सौम्य करतात. वाटीभर कणकेला पाव. उकडीला चिमूटभर, दोन वाट्या पिठाला तेवढंच. हे आमच्या घरच्या जिभेचं माप आहे, तुमचं किंचित निराळं असेल. पुढच्या आठवड्यात साध्या दिवशी हाच स्वयंपाक कर, चाखून कर, आणि मग स्वतःचं माप वहीत लिहून ठेव. शंका वाटेल तिथे मीठ थोडं कमीच घाल. नैवेद्य दाखवून झाल्यावर पातेल्यातल्या वरणात वरून घालता येतं.

देवाचे पदार्थ आपल्याकडे मापाने बांधलेले आहेत ते याचसाठी असावेत असं मला वाटतं. सत्यनारायणाचा प्रसाद बघ. रवा सव्वा, तूप सव्वा, साखर सव्वा, दूधही त्याच हिशेबात, वर केळी. प्रमाण धरलंस तर चाखायची वेळच येत नाही, पहिल्यांदा करणाऱ्यालाही नाही. त्यात कौशल्य एवढंच की रवा मंद आचेवर भाजायचा, उलथन्याखाली तो जड सरकत असतो तो हलका सरकायला लागला आणि खमंग वास स्वयंपाकघराबाहेर गेला की दूध ओतायचं. नागपुरात भावाच्या वास्तुशांतीला तुला हे करावं लागेल, तेव्हा उपयोगी पडेल.

मोदक. इथे जरा निवांत बस.

तांदूळ आंबेमोहोर किंवा वासाचा बासमती तुकडा. धुऊन, चाळणीत निथळून, सुती पंचावर सावलीत वाळवायचे आणि अगदी बारीक दळून आणायचे. गिरणीवाल्याला सांग, आधी तांदूळच दळले असतील त्यावर घाल, गव्हावर नको. हे सगळं नागपुरात जमत नसेल तर मोदकाचं तयार पीठ मिळतं, त्यात कमीपणा काही नाही. फक्त पाकीट फोडल्यावर वास घे आणि बोटांत चोळून बघ. रवाळ लागलं तर मैद्याच्या चाळणीने चाळ.

उकडीला जेवढं पीठ तेवढंच पाणी. दोन वाट्या पिठाला दोन वाट्या पाणी, त्यातलं पाव वाटी दूध घेतलंस तर उकड पांढरी आणि मऊ होते. तांदूळ नवा असेल तर पाणी दोन चमचे कमी, जुना असेल तर दोन चमचे जास्त. पाण्यात चिमूटभर मीठ, चमचाभर तूप. पाण्याला खळखळून उकळी आली की आच बारीक करून पीठ एकदम घालायचं, उलथन्याच्या दांड्याने भराभर हलवायचं, झाकण ठेवून दोन-तीन मिनिटं वाफ आणि मग गॅस बंद करून आणखी पाच-सात मिनिटं तसंच. झाकण उघडून बघायची घाई करू नकोस. मळायची ती गरम असतानाच, वाटीच्या बुडाने किंवा तेल-पाण्याचा हात लावून. पूर्ण गार झाली की कितीही मळली तरी कडा चिरतात. उकड जमली की नाही हे असं ओळखायचं: लहान गोळी करून तळहातावर दाब. कडेला भेगा पडल्या तर पाण्याचा हात लावून अजून मळ. हाताला चिकटून वर आली तर पाणी जास्त झालं आहे, तेव्हा थोडा वेळ उघडी ठेव, कोरडं पीठ वरून लावू नकोस. कच्च्या पिठाची चव वाफवल्यावरही जात नाही.

सारणाला तीन वाट्या खवलेलं खोबरं आणि दीड वाटी चिरलेला गूळ. खवताना करवंटीपर्यंत जाऊ नकोस, तपकिरी भाग आला की सारण काळपट दिसतं आणि दाताखाली येतं. खोबरं-गूळ एकत्र करून मध्यम आचेवर ठेव. आधी गूळ सुटेल, सगळं पातळ दिसेल, घाबरू नकोस. मग ते आटायला लागतं, कढईच्या कडा सोडतं, आणि सुरुवातीला फक्त खोबऱ्याचा येणारा वास गुळाकडे झुकतो. तिथेच थांबायचं, सारण थोडं ओलं दिसत असताना. गार होताना ते आपोआप आळतं. कोरडं होईपर्यंत परतलंस तर त्याचा चुरा होतो. तसं झालंच तर दोन चमचे दुधाचा हबका मारून एक वाफ दे. वेलदोडा, जायफळ आणि भाजलेली खसखस गॅस बंद केल्यावर. केशर हौस असेल तर. सुका मेवा मला सारणात आवडत नाही, काजू मोदकाची पारी फाडतो आणि खोबऱ्याची चव मारतो.

एवढ्या मापात मध्यम आकाराचे एकवीस मोदक होतात. पारी करताना मधे जाड, कडेला पातळ. आमच्याकडच्या बायका अंगठा आत आणि दोन बोटं बाहेर ठेवून वाटी फिरवत नेतात. कळ्या पाडताना अंगठ्याला आणि बोटांना तेल किंवा पाणी, आणि कळी तळापासून चिमटत वर न्यायची. फक्त कडेला चिमटे काढलेस तर वाफवल्यावर त्या मिटून जातात. सात कळ्या आल्या तरी सुंदर दिसतो, अकरा-पंधराचा हट्ट नंतर. हात बसेपर्यंत साचा वापर. साच्याला नावं ठेवणाऱ्या बायका मी पुष्कळ पाहिल्या, त्यांच्यातल्या निम्म्या आता मोदक विकत आणतात.

वाफवताना हळदीचं पान खाली असावं, त्या वासाने नैवेद्य तयार झाल्याचं शेजारच्या घरातही कळतं. नागपुरात ते मिळणं कठीण, म्हणून केळीचं पान किंवा ओला, घट्ट पिळलेला सुती रुमाल घाल. कुंडीत ओली हळदकुंडं लाव, पावसाळ्यात भरपूर पानं येतील. मोदक चाळणीत ठेवण्याआधी प्रत्येक मोदक गार पाण्यात क्षणभर बुडवून काढ, मग तडकत नाही आणि खाली चिकटत नाही. एकमेकांना चिकटतील एवढे जवळ ठेवू नकोस. पाणी उकळत असतानाच चाळणी ठेवायची आणि दहा-बारा मिनिटं मोजायची. झाकणाला आतून कापड बांध, नाहीतर वाफेचं पाणी कळ्यांवर टपकतं. झाले की नाही हे बघायला ओलं बोट लाव. बोटाला पीठ लागलं नाही आणि मोदकाला तकाकी आली की झाले. जास्त वेळ ठेवलेस तर तळ फुटून गूळ बाहेर येतो.

तुझ्या सासरी तळणीचे मोदक करतात, असं तुझ्या सासूबाईंनीच मला सांगितलं. मग पहिल्या संकष्टीपासून आलटून पालटून कर, आमचीच पद्धत खरी असं काही नाही. देशावर आणि विदर्भात कितीतरी घरांत तळणीचेच होतात. त्यात कणीक आणि बारीक रवा, कडकडीत तुपाचं मोहन, आत किसून भाजलेलं सुकं खोबरं, पिठीसाखर, खसखस. त्यांचं सारण ओलं नसल्याने ते दोन दिवस टिकतात, आणि नोकरी करणाऱ्या मुलीला आदल्या रात्री सारण करून ठेवता येतं. तळताना आवाज ऐक. मोदक सोडल्यावर तेल जोरात चुरचुरतं, मग आवाज मंद होत जातो. तो जवळजवळ थांबला की आतला ओलावा गेला. रंगावर गेलीस तर तेल फार तापलेलं असताना बाहेरून लाल आणि आतून कच्चा निघेल. आच शेवटपर्यंत मंद.

मोदकांबरोबर त्याच पिठाची एक करंजी आमच्याकडे करतातच. मोदक भाऊ आणि करंजी बहीण, असं लहानपणी ऐकलेलं. काही घरांत मिठाच्या संकष्टीला एकवीसमध्ये एक मोदक मिठाचा भरतात. उपासकर्त्याच्या पानात तो आला की तिथे जेवण थांबवायचं. तुमच्या घरी तो नेम नसेल तर नवीन लावून घेऊ नकोस, दिवसभर उपाशी माणसाला पहिल्याच घासाला मीठ लागलं तर बिचारा काय करेल. उरलेल्या उकडीचं काय करायचं हे तू विचारलं नाहीस, पण सांगते. त्यात वाटलेली हिरवी मिरची, जिरं, मीठ, कोथिंबीर मळून चपट्या निवगऱ्या थाप आणि मोदकांनंतर त्याच चाळणीत वाफवून घे. गरम निवगरीवर तेलाची धार. गोड खाऊन कंटाळलेली सगळी माणसं तिच्यावरच तुटून पडतात.

भांड्यांचं एक. पंचामृत, दह्याची कोशिंबीर, आमसुलाचं काही असेल तर ते तांब्या-पितळेच्या भांड्यात काढू नकोस, पितळेला चांगली कल्हई असेल तर गोष्ट वेगळी. आंबट पदार्थ धातूला धरतो, त्याची चव बिघडते आणि पोटालाही ते बरं नाही. चांदीची वाटी असेल तर उत्तम, नाहीतर स्टील. देवाला पितळच हवं असं कुठे नाही.

पान वाढताना देवासमोर पाण्याने चौकोन काढून त्यावर पान किंवा ताट ठेव. आधी डावी बाजू, म्हणजे लिंबू, चटणी, कोशिंबीर. मग उजवीकडे भाजी. मधे भाताची मूद, तिच्यावर वरण, वरणावर तूप. तूप शेवटी आणि न विसरता. मग पुरी किंवा पोळी आणि मोदक. जेवणाऱ्या माणसांच्या पानात आपण वरच्या टोकाला मीठ वाढतो, नैवेद्याच्या पानात आमच्याकडे ते वाढत नाहीत. कांदा-लसूण अर्थातच नाही. विठ्ठलाच्या नैवेद्यावर तुळशीचं पान असतं, गणपतीच्या नैवेद्यावर दूर्वा ठेव. गणपतीला तुळस वर्ज्य, भाद्रपदातल्या चतुर्थीच्या पत्रीत तेवढी ती चालते. दूर्वा कोवळ्या, तीन पात्यांच्या, धुऊन घेतलेल्या. नागपूरच्या उन्हाळ्यात त्या मिळवणं हाच मोठा उपास आहे, तेव्हा कुंडीत थोड्या त्याही लाव.

नैवेद्य दाखवून, आरती करून, चंद्राला अर्घ्य देऊन मग पानं घ्यायची. चंद्र समोरच्या इमारतीआड असेल किंवा आभाळ भरलेलं असेल तर पंचांगातली वेळ झाली की पूर्वेकडे तोंड करून अर्घ्य द्यायचं आणि जेवायला बसायचं. ढग सरायची वाट बघत साडेअकरापर्यंत उपाशी बसणारी माणसं मला माहीत आहेत, दुसऱ्या दिवशी डोकं धरून बसतात. घरात लहान मूल आलेलं असेल तर देवाच्या वाट्याचं आधी वेगळं काढून झाकून ठेव आणि मुलाला सातलाच भरव.

आणि ज्या दिवशी कामावरून यायला साडेसात होतील त्या दिवसाचं आत्ताच ठरवून ठेव. कुकरला वरणभात लाव, एक बटाट्याची भाजी कर, आणि मोदकाच्या जागी वाटीत गूळ-खोबरं ठेव. खोबरं खवलेलं, गूळ चिरलेला, वर चमचाभर तूप. हा नैवेद्य पुरेसा आहे, कमी दर्जाचा मुळीच नाही. त्याऐवजी घाईघाईत विकतचे, फ्रीजमधून काढलेले मोदक मायक्रोवेव्हमध्ये फुगवून देवापुढे ठेवणं मला पटत नाही. त्यांची पारी रबरासारखी होते आणि आतलं गोड गुळाचं की कशाचं, ते कळत नाही. विकत घ्यायचेच असतील तर जवळच्या एखाद्या बाईकडे आदल्या दिवशी सांगून ठेव. संकष्टीला ताजे मोदक करून देणाऱ्या गृहिणी आता बहुतेक मोठ्या गावांत आहेत, चार पैसे तिच्या हातात जातील आणि तुला गरम मोदक मिळतील.

मोदक उरले तर झाकून फ्रीजमध्ये ठेव. ओलं खोबरं रात्रभर बाहेर राहिलं की, त्यातून उन्हाळ्यात, आंबतं. फ्रीजमध्ये पारी कडक होते, तांदळाचा तो गुणच आहे. सकाळी चाळणीत पाच मिनिटं परत वाफव, पहिल्यासारखी मऊ होते. मग तूप घालून खा, आणि दोघांनी मिळून कालचं मीठ कसं झालं होतं ते वहीत लिहून ठेवा.